गोळी बंद आहे

वामन गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत होतो. दवाखान्यात डोळ्यांच्या विभागामागे एक चिंचोळी खोली आहे, तिथं मी फिल्म धुतो. कॅमेऱ्यातली फिल्म काढून रिळावर चढवताना तिथं लाल दिवासुद्धा चालत नाही, आणि तेवढ्या वेळात कुणी दार वाजवायचं नाही असा माझा कडक नियम. त्या दिवशी दार वाजलं. मी आतून खेकसलो. बाहेरून शिपाई म्हणाला, "मधुकरभाऊ, तुमचे ते दूधवाले दोस्त... वामनभाऊ... गेले." माझ्या हातात अर्धी चढवलेली फिल्म होती. दार उघडलं असतं तर त्या आठवड्यात येऊन गेलेल्या सगळ्या रोग्यांच्या डोळ्यांचे फोटो वाया गेले असते. मी चाचपडत फिल्म पूर्ण चढवली, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि मगच कडी काढली. वामनला हे कळलं असतं तर पोट धरून हसला असता. म्हणाला असता, "पाह्य बे, मी मेलो त मेलो, पन तुयी फिल्म खराब झाली नाई पायजे!"

पहाटे सायकलला दुधाच्या कॅनी लावून तो सिंदी मेघेतून वर्ध्याकडे निघाला होता. आदल्या दिवशी नळाच्या पाइपासाठी रस्ता खोदून ठेवला होता. डोळ्यांसमोरचं वामनला दिसत नसे, कडेकडेचं दिसे, आणि उरलेलं काम सवय करायची. रोजचा रस्ता त्याला पाठ होता, खड्डा नवा होता. डोकं दगडावर आपटलं आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं. तेरवीपर्यंत मी रडलो. कामावर रडलो, घरी जेवताना रडलो. तेरवीनंतर जे कळलं, त्यानं माझं रडणं बंद झालं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलतो ना, चांगलंही बोलतो. पण मला वामनचा राग आला आहे, आणि तो राग गिळून गोडगोड आठवणी लिहिणं मला जमायचं नाही.

आम्ही दोघं वडनेरचे, एका बाकावरचे. मला फोटोचा नाद, म्हणून मी हिंगणघाटला एका स्टुडिओत उमेदवारी केली आणि तिथून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात लागलो. वामनकडे बापाच्या वेळच्या गवळाऊ गाई होत्या, पांढऱ्याशुभ्र, नाकी-डोळी नीटस. शहराला दूध लागतं म्हणून तो गाई घेऊन सिंदी मेघेत आला. तोंडानं फाटका माणूस. दूध पातळ वाटतं असं कुणी गिऱ्हाईक म्हणालं की भर दारात सुनवायचा, "पानी पायजे असन त नळावर जा ना बाई, मायाकडं दूधच भेटते." आणि खरंच, वामनच्या दुधात कधी थेंबभर पाणी नव्हतं. खोटं बोलणारा माणूस त्याला सहन व्हायचा नाही. आज हे लिहिताना माझे दात आवळले जातात, पण तेव्हा ही गोष्ट अख्ख्या वस्तीला ठाऊक होती.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागे त्याला सांधेवातानं धरलं. सकाळी उठला की बोटं सुजून केळ्यासारखी झालेली, मूठ वळायची नाही. धार काढताना कळ यायची आणि चरवी हातातून सुटायची. त्याची चंद्री नावाची गाय होती, ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. त्याची बायको कुंदावहिनी बसली की लाथ झाडायची. हा गोठ्याच्या दारात उभा राहून बघायचा आणि डोळे पुसायचा. मीच त्याला आमच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मलेरियाची गोळी लिहून दिली. वामन म्हणाला, "मले ना ताप, ना थंडी, मंग ही गोयी काऊन?" त्यांनी समजावलं, ही मलेरियावरची असली तरी सांध्यांवरही काम करते. रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. आणि खरंच सांगतो, दोन-तीन महिन्यांत वामनच्या मुठी वळायला लागल्या. माझ्या आईलाही हाच आजार. ती तेव्हा माझ्याकडे वर्ध्यालाच राहायची. वामन तिच्यासमोर येऊन बसला आणि दोन्ही मुठी उघडून मिटून दाखवल्या. "मावशी, पाहा माये हात. उद्या चालाच तुमी." दुसऱ्या दिवशी तोच तिला रिक्षात घालून घेऊन आला. आईलाही तीच गोळी सुरू झाली, आणि दिवाळीला तिनं कैक वर्षांनी स्वतःच्या हातानं करंज्या केल्या.

या गोळीची एक खोड होती. वर्षानुवर्षं घेतली की कुणाकुणाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ती उतरते आणि पडदा खराब करते. सुरुवातीला माणसाला काही जाणवत नाही, पण फोटोत दिसतं. म्हणून दर सहा महिन्यांनी फोटो काढायचा, बाहुलीतून आत प्रकाश टाकून, सरळ पडद्याचा. आमच्याकडे त्यासाठीचा कॅमेरा नुकताच आला होता आणि तो चालवायचं काम माझ्याकडे. थेंब टाकून बाहुली मोठी करायची, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, बारीक दिव्याकडे बघायचं. वामन एवढा वेळ गप्प बसेल तर शपथ! "मधू, आत काय दिसते रे? मायी बायको दिसते का?" मी म्हणायचो, "हलू नको, म्हशीचं शेण दिसते." थेंबांमुळे संध्याकाळपर्यंत त्याला उजेड सोसायचा नाही. डोळ्यांवर दुपट्टा घेऊन तो दवाखान्यातल्या कडुलिंबाखाली बसून राहायचा आणि माझी ड्यूटी संपली की मी त्याला डबलसीट घरी सोडायचो. रस्ताभर बडबड. ते दिवस चांगले होते. मी नाही म्हणत नाही.

मग एका खेपेला फोटो धुऊन आले आणि पडद्याच्या मधोमध, जिथनं माणूस अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो, त्या जागेभोवती एक फिकट कडं दिसलं. मी आधीचा फोटो काढून शेजारी धरला. त्यात ते नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरसाहेबांनी दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाले, "मधुकर, याची गोळी आजपासून बंद. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं वाचवायचं." आईचे फोटो त्याच आठवड्यातले, ते मात्र स्वच्छ होते. मी संध्याकाळी वामनच्या गोठ्यात जाऊन त्याला सांगितलं. तो चंद्रीखाली बसला होता. धार काढायचं थांबला नाही. म्हणाला, "धार काढाले डोये कशाले लागते मधू? पहाटच्या अंधारातच काढतो मी. पन हात लागते लेका, हात." मी चिडलो. म्हटलं, "आणि तुझ्या पोरींचे चेहरे? ते काय अंधारात पाहशील?" त्यानं उरलेली धार काढून चरवी बाजूला ठेवली. मग तो उठला, चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हिची आन. गोयी बंद." आमच्याकडे माणूस कोर्टात खोटं बोलेल, देवळात बोलेल, पण दुभत्या गाईच्या पाठीवर हात ठेवून बोलायचा नाही. गाईचं दूध आटतं म्हणतात, गाय जाते म्हणतात. मी निश्चिंत होऊन घरी आलो.

सहा महिन्यांनी फोटो काढला तर कडं वाढलेलं. त्याच्या पुढच्या खेपेला अजून. डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गोळी खरंच बंद आहे ना?" मला ते शब्द झोंबले. मी म्हणालो, "साहेब, माझ्यावर संशय घ्या, त्याच्यावर नको. गाईवर हात ठेवून बोललाय तो. त्याच्या वतीनं मी शब्द देतो." साहेब विचारात पडले. म्हणाले, हो, पुस्तकात लिहिलेलं आहे, गोळी थांबवल्यावरही कधी कधी नुकसान वाढत राहतं. आणि त्यांनी वामनच्या फोटोंच्या स्लाइडा विद्यार्थ्यांना शिकवायच्या पेटीत ठेवल्या. त्यांच्यावर चिठ्ठी मीच चिकटवली, माझ्या हस्ताक्षरात: औषध बंद केल्यानंतर. वामन मात्र दर वेळी एकच विचारायचा, "किती उरलं रे?" मी धीर द्यायचो, पुष्कळ उरलंय, घाबरू नको. तो खोदून विचारायचा, "तसं नाई, नीट सांग, कडंकडंचं शाबूत हाये ना?" बिचारा किती घाबरलाय, असं वाटून मी त्याचा खांदा थोपटायचो.

आता ऐका. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी माझी गत झाली. वामनचा डोळा गोळी बंद करूनही जात होता, मग आईचं काय? साहेब म्हणाले, "आईचा पडदा निकोप आहे. गोळी चालू ठेवू, फोटो काढत राहू, काही दिसलं तर थांबवू." मी म्हणालो, "थांबवून उपयोग कुठाय साहेब? वामनचं थांबवलं तरी वाढलंच ना! एकदा सुरू झालं की मग कशानं अडवणार?" आणि मी आईची गोळी बंद केली. त्याच थंडीत तिचे हात आखडायला लागले. आधी वेणी घालता येईना, मग पातळाच्या निऱ्या धरता येईनात, शेवटी पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरूनही सांडायचा. करंज्या करणारी माझी आई... तिला घास भरवावा लागायचा आणि ती लाजेनं भिंतीकडे तोंड करायची.

आणि या सगळ्या काळात वामन रोज सकाळी आमच्याकडे यायचा. पहिलं दूध मावशीचं, मग बाकीची घरं. स्वतः गरम करायचा, आईच्या उशाशी बसायचा, पेला तिच्या ओठांना लावायचा. "घ्या मावशी, हळू घ्या, पोळन." आईचे वाकडे झालेले हात त्याच्या नजरेसमोर होते, समोरचं दिसत नसलं तरी मान कोंबडीसारखी वाकडी करून तो ते बघायचा. त्याचे स्वतःचे हात मात्र ठणठणीत. मी एकदा विचारलंही, "तुझी गोळी बंद असून तुझे हात कसे चांगले?" तो म्हणाला, "अल्लीपूरच्या एका वैद्याचं तेल लावतो मी." दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आला. आईच्या बोटांना ते तेल त्यानं स्वतः चोळलं. एक दिवस नाही, कित्येक दिवस चोळलं. तेलानं काही झालं नाही तेव्हा मी म्हणालो, "असते बाबा, एखाद्याच्या अंगाला नाही लागत." तो खाली मान घालून चोळत राहिला.

मध्येच कधीतरी चंद्री गेली. पोळा व्हायचा होता. पोट फुगलं आणि रातोरात आटोपलं. वामननं गोठ्याच्या खांबावर डोकं आपटून घेतलं. "मायामुळं गेली रे, मायामुळं!" मला समजेना. गाय म्हातारी होती, एवढं काय? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. पुढं दोन हिवाळ्यांनी आई गेली. तिला उचलताना पहिला खांदा माझा, दुसरा वामनचा. स्मशानातून परतताना तो एक शब्द बोलला नाही, आणि इतका बोलका माणूस गप्प आहे म्हणून मलाच त्याची काळजी वाटली.

तर वामनची तेरवी झाली आणि दोन दिवसांनी मी कुंदावहिनीकडे गेलो. पाहुणे पांगले होते. ती गोठ्यातच बसली होती, ढेपीच्या डब्याशी. सरकीच्या ढेपीचा, गाईंच्या पेंडीचा, तो मोठा पत्र्याचा डबा तिनं माझ्यापुढं ओढला, ढेप बाजूला सारली आणि खालून गोळ्यांची पाकिटं काढली. काही भरलेली, काही रिकामी. नाव मला पाठ होतं. आईला हीच गोळी देत होतो मी.

"त्यायनं एक दिवस बंद केली नाई भाऊजी," वहिनी म्हणाली. "पहाटं इथीच घेत. पैल्या धारंच्या दुधासंगं. गेले त्या दिवशीबी घेतली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आमाले सगळ्यायले माहीत होतं. पोरींले, मेडिकलवाल्याले. तुमालेच सांगू नका म्हने."

मला वाटलं, मी ओरडेन. पण आवाज निघाला तो वेगळाच. मी विचारलं, मग फोटोला कशाला यायचा दर सहा महिन्यांनी? वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "किती उरलं ते समजाले. म्हनत, मधूचा फोटो खोटा नसते. जोवरी कडंकडंचं दिसून राह्यलं तोवरी घेतो, मंग बंद करतो." म्हणजे मी धीर देत होतो आणि हा हिशेब लावत होता! माझा कॅमेरा त्याला विष अजून किती दिवस पचेल ते बघायला हवा होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वहिनी पुढं सांगत होती, चंद्री गेली तेव्हा त्याला वाटलं शपथ तिला लागली. महिनाभर नीट जेवला नाही. तरी गोळी सोडली नाही. खरं सांगायलाही निघाला होता म्हणे माझ्याकडे, वाटेतून परत फिरला. "तुमी साहेबापुढं त्यायच्या नावानं शब्द देऊन बसले होते ना. मंग त्यायचं तोंडच उघडलं नाई."

मी उठलो. म्हणालो, "वहिनी, त्याचे हात, त्याचे डोळे. त्याला जे ठेवायचं ते त्यानं ठेवलं, मी कोण अडवणारा? पण माझी आई? रोज तिच्या उशाशी बसत होता ना हा? तिचे हात बघत होता ना? 'मधू, माझी गोळी चालू आहे, म्हणून वाढतंय, मावशीची बंद नको करू'... एवढं एक वाक्य होतं. तेल कसलं चोळत होता, तेल!"

वहिनीनं पाकिटं पुन्हा ढेपीखाली सारली आणि डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मावशीले सांगतलं होतं त्यायनं."

मी तिथंच ढेपीच्या डब्यावर बसलो.

"शेवटच्या थंडीत. तुमी ड्यूटीवर गेलते. पाय धरले मावशीचे. म्हने, मावशी, आज मधूले सांगतो, तुमची गोयी चालू होईन. तं मावशीनं नको म्हनलं. म्हने, आता मी कितीकशी राह्यली? माया पोराले समजलं का त्यानं मायी गोयी उगीच बंद केली, त जनमभर सोताले खाईन तो. त्याले सांगशीन त मायं मेलेलं तोंड पाहशीन. अशी आन घातली. मंग हे कसे बोलतीन?"

मी घरी कसा आलो आठवत नाही. दोघांनी मिळून ठरवलं, माझ्या घरात, माझ्या पाठीमागं. एक माझा जिवलग दोस्त, एक माझी जन्मदाती. आईवर मी रागवू शकत नाही, ती दुखणं सोसून माझ्यापासून हे लपवत होती. म्हणजे सगळा राग पुन्हा वामनवरच येऊन पडतो. आईची आन पाळलीस? वा रे वा! चंद्रीची मोडताना कचरला नाहीस, आणि नेमकी हीच पाळावीशी वाटली तुला? आणि तिची आन शेवटच्या थंडीतली. त्याच्या आधीच्या थंडीत तुझं तोंड कुणी बांधलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. मी दिलेला शब्द खोटा होता हेही सांगितलं. ते म्हणाले, "ही स्लाइड मी किती वर्गांना दाखवली आहे, मधुकर... बंद करूनही वाढतं म्हणून." मग आम्ही दोघांनी आठवून आठवून बघितलं की वामनचं उदाहरण देऊन आणखी कुणाकुणाची गोळी थांबवली असेल. काही नावं आठवली. त्यांना आता निरोप पाठवले आहेत. हे इथं छापून येतंय तेही त्यासाठीच. घाबरून गोळी सोडलेलं कुणी असेल तर त्यानं डॉक्टरला भेटावं आणि पडद्याचा फोटो काढून घ्यावा. आणि चोरून चालू ठेवलेलं कुणी असेल तर फोटो काढणाऱ्याला तरी खरं सांगावं.

पेटीतून वामनच्या स्लाइडा काढल्या, पाण्यानं जुन्या चिठ्ठ्या भिजवून सोडवल्या आणि नव्या चिकटवल्या: औषध चालू असताना. एक स्लाइड खिडकीकडे धरून पाहिली. नारिंगी गोल, त्यात त्या शिरा, मधोमध ते कडं. मी एवढ्या लोकांचे डोळे बघतो, पण नाव झाकलं तरी हा डोळा मी ओळखीन. फोडून टाकावीशी वाटली. नाही फोडली. पुढच्या वर्गाला लागणार आहे.

वामन, तू सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. गोठ्यात येऊन सगळ्या पोरींसमोर घातल्या असत्या. चार महिने तुझं दूध घेतलं नसतं, रस्त्यात दिसलास तर तोंड फिरवलं असतं. साहेबांपुढं माझी मान खाली गेली असती. आणि त्याच संध्याकाळी मी आईला गोळी दिली असती. एवढंच झालं असतं रे. एवढंच.